ओलं चित्र घरी कसं आणायचं?

प्रश्न : ताई, जानेवारीत आठ दिवस मालवणला जातोय. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे रिक्षा. आजवर प्रवासात जलरंगच नेले, यंदा तैलरंग न्यायचेत. त्यासाठी लाकडी पोशाद पेटी (रंग-पॅलेट मावणारी, ट्रायपॉडवर बसवून उघड्या झाकणाला बोर्ड लावून रंगवायची छोटी पेटी) घेणार आहे. माप कोणतं घ्यावं, टर्पेंटाइन कसं न्यावं आणि ओली चित्रं परत कशी आणावीत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पेटी त्यावरूनच निवडायची असते. दुकानात आपण कप्पे बघतो, पॉलिश बघतो. तुम्ही झाकण बघा. ओले बोर्ड सरकवायच्या खाचा त्यातच असतात. माझ्या पहिल्या पेटीत त्या उथळ होत्या. ससून डॉकला पहाटे दोन चित्रं केली, लोकलने घरी आले, झाकण उघडलं तर एका होडीचा लाल रंग दुसऱ्या चित्राच्या आभाळभर ओढला गेलेला. आभाळाचा तो करडा पुन्हा जमला नाही, अजून हळहळ वाटते. म्हणून खरेदीला जाताना बोर्ड बरोबर न्या, खाचेत घाला आणि पेटी जोरात हलवून बघा. माप ८ x १० इंच पुरे. जास्तीची चित्रं समोरासमोर ठेवून चारही कोपऱ्यांत काड्यापेटीच्या काड्या घाला आणि दोरीने बांधा.

टर्पेंटाइन नेऊच नका. ते ज्वालाग्राही आहे, रेल्वेत मनाई आहे आणि विमानातही. त्याची गरजही पडत नाही. ब्रश चिंधीने कोरडा पुसा, जवसाच्या तेलात बुडवून परत पुसा. साबण मुक्कामी गेल्यावर. चिंध्यांचा बोळा करून पिशवीत कोंबू नका, हे कळकळीने सांगते. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, त्यामुळे बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

रंग सहाच न्या : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबचा, आणि अल्किडचा मिळाला तर उत्तम, तो लवकर वाळतो. रंग पातळ लावा. जाड थर आठ दिवसांत वाळत नाहीत.

किनाऱ्यावर उघडं झाकण शिडासारखं वारा धरतं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगून तिच्यात दगड भरा. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. उन्हात रंगवलेलं चित्र घरात काळवंडलेलं दिसतं.

निघण्याआधी एका रविवारी बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसून एक चित्र करा. येताना लोकलने या, मुलुंडला गर्दीतूनच उतरा आणि घरी पोचल्याबरोबर झाकण उघडा. खाचा कशा आहेत ते तिथेच कळेल.