साहेब जसाच्या तसा टाकू का?

प्रश्न : भाऊ, नेव्हीतून रिटायर होऊन दर्यापूरले आलो, आता कादंबरी लिहून राहिलो. ७१ च्या लढाईतला आमचा खडूस साहेब जसाच्या तसा टाकू का?

उत्तर : नका टाकू बाप्पा! अमेरिकन लेखक हर्मन वोक दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधे जुन्या माइनस्वीपर (समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या) जहाजांवर ऑफिसर होता, १९५१ च्या 'द केन म्युटिनी' कादंबरीत त्यानं जहाज तसंच जुनाट घेतलं पण बंड मात्र मनानं रचलं, आन् त्यातला कॅप्टन क्वीग टेन्शन आलं की हातात स्टीलच्या गोळ्या फिरवत बसते, मले तर तेवढ्यातच अख्खा माणूस दिसला. १९५२ ले पुलित्झर पुरस्कार भेटला त्या कादंबरीले. तुम्ही इंजिनरूमची गरमी, तेलाचा वास, रातच्या वॉचवरचा चहा खरा ठेवा, साहेब मात्र तीन-चार जणांचा मिळून एक बनवा. मंग एखाद्या जुन्या साथीदाराले वाचाले द्या, त्यानं वाचून साहेबाचं खरं नाव सांगतलं त पुन्हा लिहा.