भाडेकरू गेले, कुत्रा राहिला

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात आमची रो-हाउसची सोसायटी आहे. गल्लीच्या टोकाला भाड्याने राहणारं कुटुंब उन्हाळ्यात बंगळूरला गेलं आणि त्यांचा ब्रुनो इथेच राहिला. दूधवाल्याच्या वेळेला तो रोज आमच्या पायरीवर येऊन बसायचा, आता पोर्चमध्येच झोपतो. गळ्यात लाल पट्टा आहे, त्याला महापालिकेचा बिल्ला. मी फोन केला तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'घर लागलं की घेऊन जाऊ, तोवर तुमच्याकडेच असू दे.' पुढे त्याला गोचीड ताप आला, सलाइन लावावं लागलं, साडेसहा हजार गेले. आता ते फोनच उचलत नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, 'खायला घालताय म्हणजे कुत्रा तुमचाच. कुणाला चावला तर पोलिसांत तुमचं नाव देणार, नाहीतर हाकलून द्या.' आम्हाला तो कायमचा ठेवून घ्यायचा आहे. घेता येईल का?

उत्तर : ताई, घेता येईल. पण आज तुमची अवस्था अशी आहे की जबाबदारी बरीचशी तुमच्या अंगावर आली आहे आणि हक्क मात्र अजून बंगळूरला आहे. ही अर्धवट स्थिती आधी संपवायला हवी.

ब्रुनो रस्त्यावरचा असता तर काम सोपं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025च्या आदेशात म्हटलंच आहे की, भटका कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. ब्रुनोच्या गळ्यात बिल्ला आहे, म्हणजे महापालिकेच्या दप्तरी त्याला मालक आहे. कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रा ही जंगम मालमत्ता, हे ऐकायला कितीही रुक्ष वाटलं तरी. दारात कुणी सायकल लावून गेलं म्हणून ती आपली होत नाही. मालक माहीत असताना वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314खाली गुन्हा आहे. घाबरू नका, यात सगळी भिस्त 'अप्रामाणिकपणे' या शब्दावर आहे. तुम्ही स्वतः मालकाला फोन केलात, तो मेसेज तुमच्या फोनमध्ये आहे. त्याचा स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ चॅटही पुसू नका आणि फोन बदललात तर बॅकअप घेऊन ठेवा.

त्या एका मेसेजने तुमचं कायदेशीर स्थान बदललं. आधी तुम्ही सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्या होतात. अशा माणसाला करार कायद्याच्या कलम 168प्रमाणे खर्चासाठी दावा लावता येत नाही, फक्त भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. 'तुमच्याकडेच असू दे' म्हटल्यावर मात्र तो कुत्रा त्यांनी तुमच्याकडे ठेवायला दिलेला झाला, तोही विनामोबदला. तिथे कलम 158 लागू होतं आणि सांभाळण्यासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने परत करायचा असतो. गोचीड तापाचं बिल त्या मेसेजनंतरचं आहे. म्हणजे साडेसहा हजार तुम्ही हक्काने मागू शकता.

मागा. मिळतील म्हणून नाही, तर त्या मागणीमुळे त्यांना काहीतरी एक ठरवावं लागेल म्हणून. त्यांचा बंगळूरचा पत्ता घरमालकाकडे असेल. स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि तेच व्हॉट्सॲपवरही टाका. मजकूर साधा ठेवा : 'आपला कुत्रा अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे. उपचाराचा खर्च इतका झाला, बिलाची प्रत सोबत आहे. पंधरा दिवसांत खर्च देऊन त्याला घेऊन जावे, अथवा तो मला कायमचा दिल्याचे लेखी कळवावे. उत्तर न आल्यास आपण त्याच्यावरचा हक्क सोडला आहे असे समजून मी त्याचा परवाना माझ्या नावे मागेन.' टोमणे नकोत. 'मुक्या जिवाला टाकून गेलात' हे वाक्य तुमच्या ओठांवर असणार, ते पत्रात येऊ देऊ नका. चिडलेला माणूस केवळ जिरवायला म्हणून कुत्रा परत मागतो, असं मी पाहिलं आहे.

ते 'ठेवा' म्हणाले तर साध्या कागदावर सही पुरते. जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं, आणि ताबा तर तुमच्याकडेच आहे. गप्प बसले तर निव्वळ मौनाने मालकी आपोआप संपत नाही, हे खरं. पण पत्र, पोचपावती आणि इतके महिने सांभाळल्याचे पुरावे हातात असताना तुम्हाला कुणी अप्रामाणिक ठरवेल असं मला वाटत नाही. ते कागद, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि बिल्ल्याचा नंबर घेऊन महापालिकेत जा आणि परवाना तुमच्या नावे करण्याचा अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आता सेक्रेटरीसाहेब. खायला घातलं म्हणजे मालक, हे चूक. खायला घालणाऱ्यांनी कुत्रे दत्तक घ्यावेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022मध्ये म्हटलं होतं, पण पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तरी त्यांच्या धमकीत तथ्य अजिबात नाही असं नाही. न्याय संहितेचं कलम 291 मालकी विचारत नाही, प्राणी कुणाच्या ताब्यात आहे ते विचारतं. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोर्चमध्ये झोपतो, औषधपाणी तुम्ही करता, मालकाने तुमच्याकडे सोपवलाय, ताबा तुमचाच. म्हणून पत्राच्या उत्तराची वाट न पाहता आजपासून फाटक बंद, बाहेर नेताना दोरी, आणि लसीची तारीख चुकवायची नाही.

हाकलून तर मुळीच देऊ नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हे वाचून कुणालाही हसू येईल, पण गुन्हा तो गुन्हाच. बंगळूरकरांनाही हे कलम लागू शकतं. ते हत्यार तूर्त म्यानात ठेवा.

सोसायटीलाही दोन ओळी लिहून द्या : कुत्रा माझ्याकडे आहे, लसीकरण झालं आहे, परवान्याची कार्यवाही सुरू आहे. पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घाण उचलण्याचा आग्रह मात्र सोसायटी धरू शकते, आणि तो रास्तही आहे.

डॉक्टरांच्या बिलाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स पाठवा. बिलावर ब्रुनोचं नाव आणि तारीख नसेल तर डॉक्टरांकडून आताच घालून घ्या.