ऐंशी हजारांचा रिअ‍ॅक्टचा क्लास लावायचा का? सोलापूरच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

नमस्कार दादा, पत्र नीट वाचलं. तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मुलगी बीएस्सी ईसीएसच्या (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) दुसऱ्या वर्षाला, तिनं इकडून तिकडून कोड जोडून साध्या जावास्क्रिप्टमध्ये (वेबपेज हलतं-चालतं करणारी भाषा) तुमच्या मालकांसाठी ऑर्डर लिहायचं पेज बनवलंय, आता पुण्यातला एक क्लास रिअ‍ॅक्टसाठी (वेबपेज बांधायच्या तयार जावास्क्रिप्ट कोडचा संच, म्हणजे लायब्ररी) ऐंशी हजार मागतोय, वहिनी बचत गटातनं कर्ज काढायला तयार आहेत आणि तुमचा भाचा म्हणतोय की सगळा कोड आता एआयच लिहितो, या लाइनमध्ये काही राहिलं नाही. तर पैसे भरायचे का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता भरू नका, आणि कर्ज तर अजिबात काढू नका. पोरगी हुशार आहे, दुसऱ्या वर्षाला कुणाच्या तरी खऱ्या कामाचं पेज करणारी मुलं मला फार कमी दिसतात. पण तिला जे कमी पडतंय ते शिकायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. तुम्ही पाठवलेली लिंक मी उघडून वापरून बघितली म्हणून एवढं ठामपणे लिहितोय. पुढचं तिला वाचायला द्या.

हे बघ, तुझ्या पेजवर ३० बाय ६० टॉवेलचे १२ डझन लिहिले आणि त्यात ३ डझन वाढवले की बेरीज येते १२३ डझन! मालकांच्या अजून लक्षात आलं नसेल, पण एक दिवस येणार. इनपुटच्या चौकटीतली व्हॅल्यू जावास्क्रिप्टला कायम मजकूर म्हणूनच मिळते, टाइप नंबर दिला तरी, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकापुढे एक चिकटतात. आधी नंबरमध्ये बदलून घे, मग बेरीज कर. दुसरं, नवीन ओळ वाढवली की तिचं डिलीट बटण दाबून काहीच होत नाही, जुन्या ओळींचं मात्र चालतं. कारण तू पेज लोड होताना त्यावेळी असलेल्या बटणांना लिसनर (क्लिक झालं की चालणारा कोड) लावलेस, नंतर आलेल्या बटणाला कुणी लावलाच नाही. ओळीगणिक लिसनर लावत बसू नकोस, अख्ख्या टेबलाला एकच लाव, क्लिक आतून वर वर येत टेबलापर्यंत पोचतं, मग टार्गेट, म्हणजे नेमकं कशावर क्लिक झालं, ते बघायचं आणि क्लोजेस्ट वापरून त्याच्या बाहेरची ओळ शोधायची. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात आणि इंटरव्ह्यूत हे हमखास विचारतात.

गिऱ्हाइकाचं नाव शोधताना प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे रिक्वेस्ट जातेय, तिथं डिबाउन्स लाव, म्हणजे टाइप करणं थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी एकदाच जाईल, टायमर लावणारं सेटटाइमआउट आणि तो रद्द करणारं क्लिअरटाइमआउट एवढ्यावर होतं ते. आणि नाव इनरएचटीएमएलने टाकू नकोस बाई, कुणी नावाच्या जागी खोडसाळ टॅग लिहिला तर ब्राउझर त्यालाही पेजचाच भाग समजणार, टेक्स्टकंटेंट वापर, ते सगळं नुसता मजकूर म्हणूनच दाखवतं.

यातलं काहीही रिअ‍ॅक्टचं नाही, सगळं ब्राउझरचं आहे. जेक्वेरी नावाची लायब्ररी २००६ ला आली, पुढं कित्येक वर्षं जिकडंतिकडं तीच होती, मग २०१३ ला फेसबुकनं रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि हवा बदलली, उद्या अजून काहीतरी येईल. डॉम (ब्राउझरमधली पेजची रचना), इव्हेंट (क्लिक वगैरे घडामोडी), प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची वाट बघणं), फेच (सर्व्हरकडून माहिती मागवणं) हे ज्याला कळतं त्याला नवीन लायब्ररी उचलायला फार दिवस लागत नाहीत. ज्याला कळत नाही तो क्लासमधला प्रोजेक्ट जसाच्या तसा रेझ्युमेवर टाकतो आणि पुण्यात समोरच्यानं साधी यादी फिल्टर करायला सांगितली की अडकतो, अशी मुलं माझ्याकडे सारखी येतात आणि बघून वाईट वाटतं, कारण घरच्यांचे पैसे गेलेले असतात.

म्हणून या सहा महिन्यांत एमडीएन या साइटवर जावास्क्रिप्ट आणि डॉमचं वाच, फायरफॉक्सवाल्या मोझिलाची आहे, फुकट आहे. एफ१२ दाबून ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये ब्रेकपॉइंट लावायला, म्हणजे कोड मध्येच थांबवून आत बघायला शीक, कन्सोल.लॉगने नुसतं छापून बघण्यावर किती दिवस काढणार. नेटवर्क टॅबमध्ये स्पीड ३जी करून स्वतःचं पेज बघ, बाजारात दुकानदार ज्या फोनवर उघडणार तिथं ते कसं रांगतंय ते कळेल. बिलाची रक्कम इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे मांडायची ब्राउझरमधली सोय) एमआर-आयएन, म्हणजे भारतातली मराठी, असं देऊन दाखव, १,२५,००० असं मराठी आकड्यांत, लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं, मालक खूश होतील. पेजचा कोड गिटहब या साइटवर ठेव, तिच्याच गिटहब पेजेसवर होस्टिंगचाही खर्च नाही. हे झालं की मग रिअ‍ॅक्ट, त्याची अधिकृत साइटसुद्धा फुकटच आहे.

एआयचं म्हणशील तर वापर की, पण ती १२३ डझनाची चूक एआयच्या कोडमध्येही असू शकते, ती पकडायला माणूस लागतोच. दादा, तुम्हाला हे मी सांगायला नको, लूम आपोआप चालतो पण धागा कुठं तुटला हे बघणाऱ्या कामगाराशिवाय पाळी निघते का?

नोकरीचं खरं सांगतो, सोलापुरात या कामाच्या जागा थोड्याच आहेत, पुण्याकडं बघावंच लागेल. पण त्यासाठी आत्तापासून तिथं खोली घ्यायची गरज नाही, इंटरव्ह्यूला हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. तिसरं वर्ष सुरू झाल्यावरही क्लास हवासा वाटला तर आधी एक-दोन डेमो लेक्चर बसून बघा, शिकवणारा फळ्यावर किंवा स्क्रीनवर स्वतः कोड लिहितो की तयार पीपीटी पुढं सरकवतो ते बघा, आणि नोकरीची गॅरंटी म्हणत असतील तर ती कागदावर मागा.

लॅपटॉपचंही विचारलं होतंत, नवीन घेऊ नका. आहे त्यात ८ जीबी रॅम असेल तर या कामाला पुरतो, फक्त हार्डडिस्क जुनी असेल तर तिच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाकून घ्या.