महायुद्धात वारलेल्या चुलत आजोबांची लष्करी नोंद

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत शिपाई होते आणि १९४४ साली इटलीत कामी आले, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांचा नंबर, बटालियन किंवा मृत्यूची तारीख कोणालाच ठाऊक नाही. त्यांची नोंद मिळवण्यासाठी दिल्लीला संरक्षण मंत्रालयाकडे अर्ज करावा का?

उत्तर : दिल्लीला लिहिण्याची घाई करू नये. जवानांची कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे. मात्र नुसत्या नावावर तेथेही शोध लागणे कठीण, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई असत. म्हणून आधी लष्करी क्रमांक हाती यायला हवा.

तो बहुधा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात वारलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य सापडेल. सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या काळात सेवेत वारलेल्यांच्या या यादीत क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट व तारीख असते आणि पुष्कळदा वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव व जिल्हाही असतो. अडचण येते ती रोमन स्पेलिंगची. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, त्यामुळे जाधवांचे ‘जाधाओ’ झालेले दिसते. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा रेजिमेंट, वर्ष आणि देश एवढेच निवडून निघालेल्या नोंदींतील गावांची नावे सावकाश वाचत जावीत. कबर सापडली नाही तरी निराश होऊ नये. हिंदू सैनिकांवर बहुधा दहनसंस्कार होत आणि त्यांची नावे स्मारकांवर कोरली जात. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नावही इटलीतील कसिनोच्या स्मारकावरच आहे.

क्रमांक मिळाल्यावर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र लिहावे. त्यात हुद्दा, मृत्यूची तारीख, वडिलांचे नाव, गाव आणि आपले नाते स्पष्ट लिहून वंशावळ जोडावी. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ अशी मोघम मागणी केली तर उत्तरही मोघमच येते. सेवेचे तपशीलवार कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, लाँग रोल, म्हणजे प्रत्येक जवानाची थोडक्यात नोंद असलेले रजिस्टर, मात्र जपून ठेवला जातो. म्हणून प्रथम लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत मागावी आणि इतर काही शिल्लक आहे का, हे वेगळे विचारावे.

उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून त्याच कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. माहिती वैयक्तिक असल्याचे कारण पुढे आल्यास कलम ८(३) दाखवावे. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, काही मोजके अपवाद सोडून, त्या कलमानुसार द्यावीच लागते. पत्रव्यवहाराची सवय नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा दाखवून घ्यावा.

त्या दिवशी लढाईत काय घडले, हे शिपायाच्या नोंदीत सहसा नसते. ते बटालियनच्या वॉर डायरीत, म्हणजे युद्धकाळातील रोजच्या नोंदवहीत, सापडते आणि त्या काळच्या डायऱ्या लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पाहता येतात, परंतु त्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांची क्वचितच.