हरभऱ्याच्या नुसत्या आंबेवर विसंबू नको रे भावा
पहिल्यांदाच हरभरा करतोयस ना, मग पहाटे शेतात जाऊन पानांवरनं हात फिरव आणि बोट जिभेला लाव (फवारणी झाली असेल तर अजिबात नको हं), आंबट लागेल, तीच आंब. पानावरची बारीक लव मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड सोडते, त्यातल्या ऑक्झॅलिकनं घाटे खाणाऱ्या घाटेअळीची वाढ खुंटते. पाऊस पडला की ही आंब धुऊन जाते, म्हणून नंतरचे चार दिवस रोज घाटे बघ, आणि नुसत्या आंबेवर विसंबू नको, पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला काठ्या) लावच. झाड वाळवणाऱ्या मर रोगाचं वेगळं, ती फ्युजॅरियम बुरशी जमिनीतनं मुळात शिरते, तिथं पानावरची आंब काय करणार, त्याला विजय नाहीतर दिग्विजय वाण घे आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळूनच पेर.