नागपुरातून डीआरएम-फ्री (कॉपीवर कुलूप नसलेली) गेम काढतोय. आधी क्राउडफंडिंग केलं (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले) तर नंतर विकत घेणारं कोण उरेल?

तिघांची टीम आणि पीसी गेम, असं तुम्ही लिहिलंय. तर आधी स्पष्ट सांगतो: पहिल्या आठवड्याची विक्री कमीच दिसेल. सगळ्यात उतावळं गिऱ्हाईक आधीच पैसे देऊन मोकळं झालेलं असतं. पण प्रतीमागे हातात काय येतं ते बघा. समजा १,००० जणांनी १५ डॉलर दिले. १५,००० मधून किकस्टार्टर या क्राउडफंडिंग साइटचे ५ टक्के म्हणजे ७५० गेले, पेमेंटचे ३ टक्के अधिक प्रत्येकी २० सेंट म्हणजे आणखी ६५०. उरले १३,६००. तेवढ्याच प्रती स्टोअरवर विकल्या तर ३० टक्के कापून १०,५००. फक्त हे १३,६०० गेम बनवण्यातच संपतात आणि लाँचच्या दिवशी खिशात काही नसतं, हे लोक विसरतात.

दुसरी अडचण स्टीमची, म्हणजे पीसी गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाची. की (गेम खुली करणारा कोड) टाकून मिळवलेल्या प्रतींचे रिव्ह्यू २०१६ पासून तिथल्या गुणांकनात धरत नाहीत. म्हणजे की मिळालेले तुमचे हजार हितचिंतक तिथे मोजलेच जाणार नाहीत. म्हणून मोहीम चालू असतानाच स्टीमचं पान उघडा आणि विशलिस्ट (गेम घ्यायची इच्छा नोंदवणाऱ्यांची यादी) वेगळी वाढवा.

पायरसीची काळजी सोडा. कुलूप लावलेल्या गेमही फुटतातच. खरा फटका दिलेला शब्द मोडला की बसतो. एलिट डेंजरस या गेमने ऑफलाइन मोड (इंटरनेटशिवाय खेळायची सोय) देऊ म्हटलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायच्या तोंडावर, ते रद्द केलं आणि रिफंडची रांग लागली. फिनिक्स पॉइंट या गेमने २०१९ मध्ये स्टीम आणि जीओजी (डीआरएम-फ्री गेमचं दुकान) बाजूला ठेवून एपिक या तिसऱ्या दुकानाशी वर्षभराचा करार केला, तिथेही तेच. उलट पिलर्स ऑफ इटर्निटीने पैसे देणाऱ्यांना स्टीम किंवा जीओजी यातलं एक निवडू दिलं. तुम्हीही तेच करा. दोन्ही की सरसकट वाटू नका, दुसरी बाजारात विकली जाते.

आता नागपूरची गोष्ट. किकस्टार्टरवर मोहीम काढण्यासाठी मान्य देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे धरमपेठेतल्या बँकेत थेट पैसे येणार नाहीत. बाहेर नोंदलेली कंपनी किंवा प्रकाशक लागेल. पैसे या वर्षी आणि गेम पुढच्या वर्षी, याचं जीएसटीत काय होतं ते सीएला मोहिमेआधीच विचारा. आणि लक्ष्य गाठलं नाही तर एक डॉलरही मिळत नाही. पुण्याच्या राजी या गेमची २०१७ ची मोहीम अशीच पडली. गेम मात्र २०२० मध्ये आली.

बिल्डचं, म्हणजे गेमची चालती आवृत्ती तयार करण्याचं, काम शेवटावर ढकलू नका. स्टीमवर्क्स (गेमला स्टीमशी जोडणारा भाग) सुरू झालं नाही तर गेम बंद पडते, ही नेहमीची चूक. अचीव्हमेंट (खेळातली मिळणारी पदकं) गप्प बसल्या पाहिजेत, गेम चालली पाहिजे. स्टीममधून पुन्हा सुरू करायला लावणारा कॉल डीआरएम-फ्री बिल्डमधून काढा. इच या डीआरएम-फ्री गेम विकणाऱ्या साइटसाठी बटलर हे अपलोडचं साधन वापरलं की फक्त बदललेला भाग वर चढतो, मग पॅच (दुरुस्ती) स्टीम आणि इच दोन्हीकडे एकाच दिवशी देता येतो. इथे आठवडाभर मागे राहिलात की डीआरएम-फ्रीवाला पुढच्या वेळी पैसे लावणार नाही.