‘ड्रेस्ड’ म्हणजे कपडे घातलेला, मग सोललेल्या कोंबडीला ‘ड्रेस्ड चिकन’ का म्हणतात?

कॉलेजात एनसीसी केली असेल, तर याचं उत्तर तुम्ही मैदानावर ऐकलेलं आहे. ‘दाहिने सज!’ अशी आज्ञा सुटली की मान उजवीकडे वळवायची आणि पावलं मागेपुढे करत रांग सरळ करायची. इंग्रजी कवायतीत हीच आज्ञा ‘राइट ड्रेस’. पहिल्या दिवशी मला वाटलं, सजायचं म्हणजे टोपी-पट्टा ठीक करायचा. तो करत बसलो आणि मैदानाला दोन फेऱ्या मारून आलो.

थोडक्यात, या शब्दाचा कपड्यांशी मुळात संबंधच नव्हता. लॅटिनमध्ये ‘दिरेक्तुस’ म्हणजे सरळ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये सरळ करणं, उभं करणं, मांडणं, ताट वाढणं अशा अर्थांचं क्रियापद झालं आणि 1300 च्या सुमारास ते इंग्रजीत आलं. अंगावर कपडे चढवणं हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस चिकटला. बायकांचा झगा म्हणजे ‘ड्रेस’ हे तर थेट 17व्या शतकातलं. ‘डायरेक्ट’ आणि ‘ॲड्रेस’ही त्याच घरातले. ‘रिड्रेस’ म्हणजे बिघडलेलं पुन्हा सरळ करणं, म्हणून तक्रार निवारणाला तो शब्द. आपला ‘ऋजु’ही या सगळ्यांचा लांबचा भाऊबंद.

आता तुमची कोंबडी. पिसं उपटून, आतडी काढून ती रांधायला तयार झाली की ‘ड्रेस्ड’. बिचारीचे होते नव्हते ते कपडे उतरवले, तरी शब्द बरोबरच! जखम धुऊन पट्टी बांधली की ड्रेसिंग, दगड टाकीने घडवला की तोही ड्रेस्ड, उभ्या पिकाला वरखत दिलं की टॉप ड्रेसिंग. जे ते पुढच्या कामासाठी नीट करून ठेवायचं, एवढाच त्यातला धागा. माणसाला नीट करायचं तर कपडे घालावे लागतात, म्हणून तो अर्थ. कवायतीच्या आज्ञा हिंदीत आणणाऱ्याने ‘सज’ हा शब्द काय नेमका निवडलाय! सजणं आणि सज्ज होणं, दोन्ही त्यात आहे.

मराठीत मात्र आपण या शब्दाला भलतंच अरुंद केलंय. ‘लग्नाला साडी नेसू की ड्रेस घालू?’ असं घरात कुणी विचारलं, तर तिथे ड्रेस म्हणजे फक्त सलवार-कमीज. शाळेतल्या पोराच्या तोंडी तोच गणवेश. आणि इंग्रज बाई ज्याला ड्रेस म्हणते, त्याला आपण म्हणतो वन-पीस.